वहिनीची सलग झोप

माझी वहिनी मुलांच्या वॉर्डात सिस्टर. तिचा हात इतका हलका, की सुई टोचल्यावर पोरं रडायचं विसरायची. पण घरी आली की तिचंच रडं. दोन दिवस सकाळची पाळी, मग रात्रीची, लगेच दुपारची. दिवसा पडदे ओढून पडायची, तर शेजारच्या खोलीत दादाचं शिलाई मशीन खडखडायचं. दादा शिंपी, तो तरी किती थांबणार? कूस बदलून बदलून चादरीचा बोळा व्हायचा, पण डोळ्याला डोळा लागायचा नाही. आणि भलत्याच वेळी, बसमध्ये, भाजी निवडताना, मान लटकायची.

शाळेच्या नाटकात भाची राणी झाली होती. वहिनी ड्यूटीवरून थेट पहिल्या रांगेत. पडदा उघडला आणि हिचे डोळे मिटले. मी कोपरानं ढोसत राहिले, पण छे! राणीनं सिंहासनावरून सगळं पाहिलं. घरी येईपर्यंत पोर चकार शब्द बोलली नाही.

"भांडली असती तर परवडलं असतं गं," वहिनी मला म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी ती मेट्रनबाईंसमोर उभी राहिली.

"झोप होय? रिटायर झाल्यावर भरपूर मिळेल," बाई म्हणाल्या.

"काम कमी करा म्हणत नाही, मॅडम. पाळी सलग द्या. आज रात्र, परवा सकाळ! शरीर म्हणजे काय रेडिओ आहे, कान पिळला की स्टेशन बदलायला?"

बाईंना हसू आलं. "पण सलग रात्री घेणार कोण?"

वहिनीनं एकेकीला गाठलं. सगळ्यांनी नाकं मुरडली. शेवटी, जिला अख्खा वॉर्ड 'घुबड' म्हणायचा ती सिस्टर म्हणाली, "माझ्या रात्री पक्क्या. सकाळी समोर देव उभा राहिला तरी मला ओळखू यायचा नाही!" मग बाकीच्यांनीही महिनाभर एकच पाळी, असं जुळवून घेतलं. बाईंनी त्या एका वॉर्डापुरती परवानगी दिली. "बिघडलं तर तुमच्या माथी."

सुरुवातीलाच बिघडलं. एकीची सासू पाय घसरून पडली, दुसरी तापानं फणफणली. वहिनीनं स्वतःच्या सुट्ट्या मोडल्या, पण पाळ्यांची उलटापालट होऊ दिली नाही. हळूहळू रजा कमी झाल्या, चिडचिड ओसरली. एकदा बाई पहाटेच फेरीला आल्या, तर घुबड एका बाळाला बाटलीनं दूध पाजत मजेत गुणगुणत होती.

"इथं सगळ्यांचे डोळे उघडे कसे?" बाईंनी विचारलं. पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनीच जाहीर केलं, आता सगळ्या वॉर्डांत हीच पद्धत. टाळ्या थांबेनात. मागून कुणीतरी चक्क शिट्टी मारली.

वहिनीची रात्रपाळी आली तेव्हा दादानं मशीन उचलून गॅलरीत नेलं. पहिल्याच दिवशी ती सकाळी आडवी झाली ती दिवेलागणीपर्यंत. दादाला राहवेना. त्यानं हळूच तिच्या नाकाशी बोट धरलं.

"जिवंत आहे हो," डोळे न उघडता वहिनी म्हणाली. "चहा टाका."