आप्पांची अकरा गलबतं

नम्रता मेस्त्री दात बनवते. रत्नागिरीत एका डेंटल लॅबमध्ये गेली सोळा वर्षं तिचं हेच काम: डोळ्याला भिंग, हातात बारीक कोरणी आणि समोर कुणाची तरी कवळी. एकदा कवळीच्या उरलेल्या मसाल्यातून तिने गंमत म्हणून एक शिपाई घडवला. अक्कलदाढेपेक्षा जेमतेम उंच, पण कमरेची तलवारसुद्धा दिसावी असा. मग दुसरा केला, मग दहा. मोबाईलवर शोधता शोधता तिला कळलं, की अशी सैन्यं घेऊन लोक खरोखर लढतात. मोठ्या टेबलावर डोंगर-नद्या मांडतात, टेपने अंतर मोजून पलटणी सरकवतात, फासे टाकून हार-जीत ठरवतात. पुण्यात दर फेब्रुवारीत त्याचं दोन दिवसांचं संमेलन भरतं.

"मी जाणार," ती घरी म्हणाली.

तिचे वडील, आप्पा, पूर्णगडला होड्या बांधायचे. फायबरच्या होड्या आल्यावर त्यांचं काम सुटलं आणि ते लेकीकडे राहायला आले. सैन्यातले शिपाई त्यांनी एकेक उचलून उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाले, "समुद्राकाठची माणसं आपण. आणि सगळे पायीच गो चाललेत?"

त्या वर्षी त्यांनी सागाच्या तुकड्यांतून अकरा गलबतं केली. वीतभर लांब, शिडं-डोलकाठ्यांसकट. आणि तेव्हापासून बापलेक बरोबर जाऊ लागले. पुण्याला सहा वेळा, एकदा थेट बंगळूरला. शिपायांची लोखंडी ट्रंक नम्रताकडे, गलबतांचा लाकडी खोका आप्पांच्या मांडीवर. "आत काय आहे?" असं कुणी विचारलं की आप्पा गंभीर चेहऱ्याने "आरमार" म्हणायचे. बंगळूरला एक खेळाडू डाव सोडून अर्धा तास गलबताचा तळ न्याहाळत बसला होता. ते आप्पा अजून सांगतात.

पुण्याच्या सातव्या खेपेला ते सकाळच्या खाजगी एसी बसने निघाले. साखरपा मागे पडला, आंबा घाट सुरू झाला. आप्पांना डुलकी लागली होती, म्हणून नम्रताने खोका काढून स्वतःच्या पायाशी ठेवला. तिसऱ्या वळणावर तिला वायर जळल्यासारखा वास आला. मागून कुणीतरी ओरडलं, "धूर! अहो, गाडी थांबवा!"

ड्रायव्हरने गाडी डावीकडे डोंगराला नेऊन चिकटवली. दरीपासून वाचवली खरी, पण दारालाच दरड टेकली. दार वितीएवढंही उघडेना. मागच्या सीटांवरून काळा धूर छताला धरून पुढे सरकत होता. माणसं एकमेकांवर पडत दाराकडे लोटली. काचा सगळ्या बंद, फोडायला हातोडी शोधली तर जागेवर नुसता हूक.

नम्रताने ट्रंक उचलली आणि खिडकीवर आपटली. काचेला तडा गेला. दुसऱ्यांदा आपटली. तिसऱ्या घावाला काच फुटली, ट्रंकेचं झाकण उघडलं आणि इतक्या वर्षांचं सैन्य दरडीवर सांडलं.

"आप्पा, उतरा!"

"आधी तू हो."

"उतरा म्हणते ना!" तिने त्यांना अक्षरशः ढकललं. खिडकीबाहेर दरड कमरेइतक्या उंचीवर होती, ते मातीत गुडघ्यांवर पडले. मागोमाग तिने एका लेकुरवाळीला बाहेर काढलं, मग मालन नावाच्या एका म्हातारीला. मालनकाकूंचा पदर काचेत अडकला. तो सोडवेपर्यंत नम्रताला दिसेनासं झालं. श्वास घेतला की छातीत आग. इतक्यात कुणीतरी तिचा दंड धरला, पुढे ओढलं, आणि ड्रायव्हरच्या, तोवर उघडलेल्या दारातून ती पलीकडे, रस्त्यावर जाऊन पडली.

खोकला थांबल्यावर ती उठली. गाडीला वळसा घालून दरडीकडे धावली. तिथे मालनकाकू छाती पिटत होत्या. "अगो, म्हातारो परत आत गेलो!"

"कोण?"

"तुझो बापूस!"

खिडकीतून आता धुराबरोबर ज्वाळाही दिसत होत्या. नम्रता आत शिरायला निघाली, दोघांनी तिला धरून ठेवलं. ती ओरडत राहिली. किती वेळ, ते तिला आजही सांगता येत नाही. मग खिडकीत आप्पा दिसले. डाव्या काखेत गलबतांचा खोका, उजव्या हाताची बाही पेटलेली. लोकांनी त्यांना ओढून काढलं, मातीत लोळवलं.

सगळे वाचले. नम्रता बापाच्या उशाशी बसली आणि तिच्या तोंडून निघालं, "खेळण्यांसाठी? आप्पा, खेळण्यांसाठी गेलात?"

आप्पा तिच्याकडे टक लावून पाहत राहिले.

कोल्हापूरच्या इस्पितळात तीन आठवडे गेले. उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी राहिली, लाकूड तासायची पटाशी धरता येईना. खोक्यातली सात गलबतं शाबूत निघाली होती. नम्रताने तो खोका माळ्यावर टाकला. ती आप्पांची मलमपट्टी करी, जेवण भरवी, पण तो विषय निघाला की उठून जाई. शेजारीपाजारी हसत म्हणायचे, "आप्पांनी जिवापेक्षा होड्या जपल्या." आप्पाही हसायचे.

पुढल्या जानेवारीत संमेलनाचा फॉर्म आला. "मी नाही जाणार," नम्रता म्हणाली.

"गलबतं नकोत तर नकोत. दरडीवरून वेचलेलं पायदळ आहे ना?" आप्पा म्हणाले. "मी येतो."

गेले. बसमध्ये बसण्याआधी आप्पांनी संकटकालीन दाराची कडी दोनदा उघडून पाहिली. घाटात कुठे उदबत्तीचा वास आला तरी नम्रता दचकत होती. पुण्यात गंगा नावाच्या नागपूरच्या मुलीने तिला तिसऱ्या फेरीत हरवलं. सोळा जणांत चौथा नंबर आला.

परतताना बस साखरप्याला चहासाठी थांबली. बाकावर बसल्यावर नम्रताला राहवलं नाही.

"एवढं एकच सांगा. त्या होड्यांत काय होतं हो, जिवावर उदार होण्यासारखं?"

आप्पांनी चहा डाव्या हाताने खाली ठेवला. "होड्यांसाठी कोण गेलं होतं?"

"मग?"

"तू पलीकडून बाहेर पडलीस, ते मला दरडीवरून कसं दिसणार? सगळी उतरली, तू उतरली नाहीस. आत गेलो. धुरात तुझ्या सीटखाली चाचपलं, तर हाताला खोका लागला. तू नव्हतीस. मग खोका घेतला."

"वर्षभर हे बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर हे बघून," त्यांनी वाकडी बोटं वर केली, "रोज तुझ्या जिवाला लागलं असतं. त्यापेक्षा होड्यांवर रागावलीस, ते बरं झालं."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. माणसं बसकडे निघाली. नम्रता हलली नाही. तिने आप्पांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बाकावर तशीच रडत बसली. कंडक्टर दोनदा हाक मारून गेला. शेवटी आप्पाच त्याला म्हणाले, "जरा थांबा हो. येतो आम्ही."