आक्काचं लगीन

आक्का, माझी थोरली बहीण, सोळा वर्षांची असताना आमच्या मामानं तिचा आजार ओळखला. तोवर घरात तिला कुणी आजारी म्हणत नव्हतं. ती वेणी घालेना, ताटातल्या भाकरीचा वास घेत बसे, शेजारणी आपल्याबद्दलच कुजबुजतात म्हणून विहिरीवर जाईना. आई म्हणायची, आळशी झालीय. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, माजलीय.

मामा लढाईवरून नुकताच परतला होता. लष्करी इस्पितळात तो मन बिघडलेल्या शिपायांची देखभाल करायचा. कुंडलला आमच्याकडं चार दिवस राहिला आणि जाताना आबांना म्हणाला, "दाजी, पोरीला मिरजेला मोठ्या डॉक्टरला दाखवा. हे असंच सुरू हुतंय. आत्ता दाखवलं तर सावरंल."

"माझ्या पोरीला येडी म्हणतोस?"

"येडी न्हाई, आजारी हाय."

आबांनी त्याची वळकटी अंगणात भिरकावली. "पुन्हा ह्या उंबऱ्याला पाय लावू नगंस!" आई दारात उभी होती. भावासाठी ती एक शब्द बोलली नाही. तेही मी विसरलेले नाही.

दोन महिन्यांत आबांनी आक्काला आटपाडीकडं देऊन टाकली. लगीन झालं की समदं जागेवर येतंय, म्हणे. सासरच्यांना काहीच सांगितलं नाही. दीड वर्षानं ते तिला बैलगाडीतून आणून आमच्या दारात सोडून गेले. मनगटांवर दोराचे वळ होते. मी हाक मारली तर ती घाबरून गोठ्यात शिरली.

मग मिरज आठवली. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस काय करत होता?"

आबांनी आईकडं बोट केलं. "हिनं लपवलं, साहेब."

मी तेव्हा पंधराची. म्हणाले, "खोटं! मामानं सांगितलं हुतं. तुमी त्याला हाकलला."

डॉक्टरांच्या देखत आबांनी माझ्या थोबाडीत दिली.

उपचारानं आक्काचं ओरडणं थांबलं, पण पहिली आक्का काही परत आली नाही. मामा तिला आपल्या घरी घेऊन गेला, मीही गेले. लोक म्हणतात, जुना काळ, त्यांना काय कळणार? मामा काय वेगळ्या काळातला होता?

आबा एकदाच तिला बघायला आले. मी दार उघडलं नाही. बराच वेळ बाहेर खोकत बसले, मग गेले.