कात्री लागलेला सिनेमा

सदर भागातल्या एका टॉकीजमध्ये मारोतरावांनी एकतीस वर्षं मशीन चालवलं. टॉकीज बंद पडली, तेव्हा एका जुन्या इंग्रजी सिनेमाच्या आठ रिळांना वालीच उरला नव्हता. "भंगारात टाक," मालक म्हणाला. मारोतरावांनी डबे सायकलवरून घरी आणले.

लंडनमधला काळापांढरा सिनेमा होता. हातमोजे विकणारी पोरगी, बँडमध्ये वाजवणारा तिचा प्रियकर आणि घडोघडी गाणी. मारोतरावांना इंग्रजी येत नव्हतं. पण ती पोरगी कुठल्या ओळीवर हसते, कुठे तिचा आवाज कापरा होतो, सगळं पाठ होतं.

शहराबाहेर बेसाला नवीन घरी राहायला जाताना मुलानं, दुर्गेशनं, ते डबे परस्पर देऊन टाकले. महिन्याभरानं नात खुशीनं मोबाइलवर फोटो दाखवला. धरमपेठेतल्या एका कॅफेत त्याच फिल्मच्या पट्ट्यांचे पडदे लटकत होते.

"काहून देल्ले?" मारोतरावांनी दुर्गेशला विचारलं.

"मशीनच नाही राहिलं, बाबा. ठेवून काय लोणचं घालता?"

"मले विचारलं होतं काय गा?"

उत्तराची वाट न पाहता ते खुशीला घेऊन निघाले.

कॅफेचा मालक विहंग गोड बोलला. "काका, लोक याच्यासोबत फोटो काढतात. तुमचा सिनेमा जिवंतच राहिला ना!"

"जिता? बकरा कापून भिंतीले टांगला, आन् म्हणता जिता आहे!"

प्रत्येक पट्टीला भोक पाडून दोरी ओवली होती. एक भोक थेट त्या पोरीच्या तोंडातून गेलं होतं. ते पाहिलं आणि सत्तरीचे मारोतराव खुर्चीवर चढले. पट्ट्या सोडवून खाली देऊ लागले. खुशी त्या गुंडाळू लागली. विहंगनं घाबरून, डबे देणाऱ्या दुर्गेशला फोन लावला.

दुर्गेश धावत आला. "उतरा बाबा, लोक पाहून राहिले."

"पाहू दे! एकतीस वर्षं अंधारात बसलो, तवा कोणी पाहिलं नाही मले."

त्यांना हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

मागच्या खोलीत दोन रिळं धड सापडली. बाकी सहांचे तुकडे पिशव्यांत भरून घरी आले. ते आता कुठल्याच मशीनवर चालणार नव्हते.

पंधरा दिवसांनी दुर्गेशनं रिळांसाठी लोखंडी कपाट आणलं. मारोतरावांनी कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. मुलाशी मात्र ते अजून बोलत नाहीत. जेवताना मीठ त्याच्या हाताशी असलं, तरी खुशीकडेच मागतात.