आवणीपर्यंत ठेवलेली पुस्तकं

ती यादी ग्रुपवर मी टाकली, दुसऱ्या कुणी नाही. हे आधीच लिहून टाकते.

तळेगावातल्या ज्या वाचनालयात मी मदतीला जाते, त्याचा व्हॉट्सॲप ग्रुप मीच हट्टानं सुरू केला होता. नवीन पुस्तकांचे फोटो टाकायचे, कुणाला काय हवं ते तिथंच विचारायचं. सभासद वाढले, आणि मला चेव आला. मी मोर्चांची पत्रकं लिहून लिहायला शिकलेली. पत्रकात कुणीतरी दोषी लागतो. मी देवघेवीचं रजिस्टर उघडलं, मुदत उलटलेली नावं गावासकट उतरवली आणि वर मथळा ठोकला : 'वाचकांची पुस्तकं अडवून बसलेले'. पहिलं नाव आंदर मावळातल्या एका मावशींचं. तीन पुस्तकं, दीड महिना उशीर.

त्यांच्याच गावच्या एकानं खाली लिहिलं, "मावशीनं चुलीत घातली असत्याल." त्यावर मी हसरा चेहरा टाकला. तोही मीच.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल बाईंनी फोन माझ्यापुढे धरला.

"हे मला न विचारता?"

"रजिस्टरात आहे तेच टाकलंय."

"भाताची आवणी, रोपांची लावणी होईपर्यंत ठेवा, असं मीच सांगितलंय त्यांना. दर पावसाळ्यात सांगते. बससाठी दोन तास चालत यावं लागतं, आवणीत कुठून येणार? आणि एकट्या नाही वाचत त्या. दुपारी भाकरी खायला बसतात तेव्हा सगळ्या बायकांना वाचून दाखवतात. हे रजिस्टरात कुठल्या रकान्यात लिहू?"

मी यादी काढून टाकली. पण ज्यांनी पाहायची त्यांनी ती पाहिली होती.

चार दिवसांनी मावशी आल्या. खताच्या गोणीत गुंडाळलेली पुस्तकं टेबलावर ठेवली, कोरडी ठणठणीत. वर सभासदाचं कार्ड.

"बगून घ्या. पान फाटलेलं न्हाई."

"मावशी, ते मी लिहिलं होतं. चुकलं माझं."

त्यांनी मला नीट पाहून घेतलं. "तुमी व्हय. जावयानं फोन दावला. त्यो वाचून दावाय लागला, म्हनलं राहू दे, मला येतंय वाचाया."

बाईंनी कार्ड त्यांच्याकडे सरकवलं. "हे असू द्या."

"नगं बाई. पुन्ना उशीर झाला म्हंजी?"

"मी ग्रुपवर सगळ्यांसमोर माफी मागते," मी म्हणाले.

"नगा. परत माजंच नाव कशाला फिरवता?"

माफीचं पत्रक मी मनात अर्धं लिहूनसुद्धा टाकलं होतं. तेवढीच विद्या मला येते.

"मग पुस्तकं तुमच्याकडे येणाऱ्या दुधाच्या गाडीनं पाठवू?"

"बायकांना लागली तर बायका सांगत्याल," असं म्हणून, कार्ड टेबलावरच ठेवून त्या बस गाठायला निघाल्या.

आता ग्रुपवर नावं नसतात. कुठली गाडी कुठल्या वाटेनं जाणार आणि तिच्यातून कुठली पुस्तकं पाठवता येतील, एवढंच असतं. आंदर मावळातल्या दोन वाड्यांवर पुस्तकं जायला लागली आहेत. मावशींच्या गावावरून गाडी रोज जाते. तिथून अजून कुणी काही मागितलेलं नाही.