झाकण लावण्याआधी

बाइंडरबाईंच्या घरात कशावरच झाकण नसे. दुधाच्या पातेल्यावर नाही, पिठाच्या डब्यावर नाही, सुईदोऱ्याच्या पेटीवर नाही. खळीची बरणी बाजारातून आली, त्याच दिवशी तिचं झाकण कुठंतरी गेलं. मांजर हक्कानं दूध पिऊन जाई आणि मुंग्या पिठात वस्ती करून राहत. सून कामावरून आली की कपाळाला हात लावी.

"आई, या घरात झाकण फक्त माझ्या तोंडाला आहे!"

"तेही नीट बसत नाही," बाई म्हणत आणि दोघी हसत. हसता हसता बाईंचा हात मात्र नकळत दाराकडे जाई. दार उघडं आहे ना? बोटभर तरी?

याची गंमत अशी, की गावातल्या निम्म्या लोकांना झाकण लावायची सवय बाईंमुळंच लागली होती.

पन्नास वर्षांमागची गोष्ट. महिन्यातून एकदा सभागृहात लोकांची सभा भरे. गटार, दिव्याचे खांब, पाण्याची वेळ असे विषय. अशा विषयांना सुट्टीच्या दुपारी कोण मरायला येतंय? म्हणून सभेआधी सिनेमा दाखवत. सिनेमा म्हणजे दहा मिनिटांचा, सावधगिरी शिकवणारा. ओल्या हातानं बटण दाबणारा जावई. चालू स्टोव्हमध्ये रॉकेल ओतणारी बाई. फाटक बंद असताना सायकल खांद्यावर घेऊन रूळ ओलांडणारा शहाणा. आणि या सगळ्यांवरून फिरणारा तो एक भारदस्त आवाज, "सावध राहा!" तो आवाज नुसता ऐकला तरी माणूस खिशातली काडेपेटी चाचपून बघे.

अंधार हवा म्हणून दार लावत. दार लागलं की आतली डोकी मोजत. साठ भरली तर सभा कायदेशीर, नाहीतर पडली. सिनेमा संपून दिवे लागेपर्यंत माणसं खुर्चीत मुरलेली असत. मग काय, आलोच आहोत तर भांडून घेऊ! एका खांबावरून दोन गल्ल्या तासभर भांडत आणि शेवटी खांब तिसऱ्याच गल्लीत लागे. पण लागे. नावं ठेवणारेही हात वर करून मोजले जात होते, असा तो काळ.

त्या सिनेमांतला सगळ्यांत गाजलेला म्हणजे 'उघडी टाकी'. चेंडूमागे धावणारी सहा वर्षांची मुलगी जमिनीतल्या टाकीत पडते. शेवटी एक पुरुषी हात येतो, टाकीवर झाकण सरकवतो आणि आवाज म्हणतो, "हे आधीच केलं असतं तर?"

ती मुलगी म्हणजे आपल्या बाई.

वडील सभागृहाचे झाडूवाले. सिनेमावाले मुलगी शोधत होते तेव्हा ते पुढं झाले. "माझी पोर रडत नाही," म्हणाले. मोठ्या अभिमानानं म्हणाले. फ्रॉकच्या आतून पोरीच्या कमरेला दोरी बांधली, तिचं टोक वर एका माणसानं धरलं. पहिल्यांदा पडली, काढली. दुसऱ्यांदा पडली, काढली. तिसऱ्यांदा ती लोखंडी पायरीला धरून छातीभर पाण्यात उभी होती, आणि वरून कुणीतरी ओरडलं, "आता हात! झाकण!" मग वरचा उजेडाचा गोल अर्धा झाला, चंद्राच्या कोरीएवढा झाला आणि मिटला.

तो हात तिच्या बाबांचा होता.

त्या संध्याकाळी बाबांनी स्वतः दूध तापवून तिच्यापुढं ठेवलं. पेला बशीवर वाजत होता. पुढं तीस वर्षं जगले, पण त्या विषयावर चकार शब्द नाही. तिनंही विचारलं नाही. पण त्या रात्रीपासून पोर दार लावू देईना.

सिनेमा पंधरा वर्षं चालला. रस्त्यात पोरं ओरडत, "ए बुडाली! बुडाली आली!" एक म्हातारी गालाला चिमटा काढून म्हणायची, "जिवंत आहेस होय गं?" मुलगी हसायची. सिनेमा लागला की मात्र बाहेर येऊन पायऱ्यांवर उभी राहायची.

मोठी झाली, पुस्तकं बांधायला शिकली, लग्न झालं, मुलगा झाला, नवरा गेला. सभेच्या हजेरीच्या वह्या वर्षाच्या शेवटी बांधायला तिच्याकडंच येत. पूर्वी वही चार बोटं जाड असे, दाभण लावताना मनगट भरून येई. मग सिनेमे बंद झाले आणि वही बारीक होत गेली. गेल्या वर्षीची करंगळीएवढी होती. पुठ्ठाच आतल्या कागदांपेक्षा जाड! बाई स्वतःशीच म्हणाल्या, नाकापेक्षा मोती जड.

बाई स्वतः एकही सभा चुकवत नसत. पण दार लागायची वेळ झाली की उंबऱ्यावर येत. एक पाय आत, एक बाहेर. साऱ्या वह्या बांधल्या त्यांनी, पण एकाही वहीत त्यांचं नाव नव्हतं. उंबऱ्यावरचं माणूस मोजत नाहीत.

यंदा शाळेतल्या टाकीचं झाकण गेलं. शाळेच्या अंगणात, घसरगुंडीपासून दहा पावलांवर, जमिनीतली जुनी टाकी. लोखंडी झाकण गंजून गंजून एक दिवस आतच कोसळलं. शाळा म्हणाली टाकी गावच्या कार्यालयाची, कार्यालय म्हणालं अंगण शाळेचं. तोवर वर दोन फळ्या आणि एक दगड. पोरांनी फळ्यांची झुलती फळी केली आणि दगड गडगडत नेला कुठल्या कुठं.

बाईंची नात त्याच शाळेत. वय सहा. एक क्षण जागेवर ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. एका दुपारी ती जेवता जेवता म्हणाली, "आजी, गंमत सांगू? टाकीत तोंड घालून हाक मारली ना, की आतनं एक मुलगी परत हाक मारते."

बाईंच्या हातातला घास हातातच राहिला.

"कशी हाक मारते?"

"माझ्यासारखीच. पण लांबून."

सून हसली. "अगं, प्रतिध्वनी तो!" बाई हसल्या नाहीत. त्या रात्री त्यांनी दार सताड उघडं ठेवलं आणि उंबऱ्याशी बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज दिला. शाळेच्या टाकीला नवं झाकण, विषय एवढाच. सभेला सदतीस माणसं आली, सभा पडली. पुढच्या महिन्यात एकेचाळीस, पडली. तिसऱ्यांदा पडली तर विषय वर्षभर बंद, असा नियम. वर्षभर! भिंगरी एका दिवसात किती चेंडू हरवते ते बाईंना माहीत होतं. अंगणात पाण्याची बादली डचमळली तरी त्यांच्या छातीत धस्स होई. सुई बोटात जाऊ लागली. वह्यांवर रक्ताचे ठिपके पडू लागले.

सभागृहाच्या किल्ल्या ज्याच्याकडं, त्याला गाव किल्लीवाला म्हणे. बाईंच्याच वर्गातला. तो बाईंच्या बांधणीच्या दुकानात येऊन स्टुलावर बसला आणि खूप वेळ नुसत्या किल्ल्या वाजवत राहिला.

"माणसं हवीत ना तुला? सिनेमा लावू या. माळ्यावर डबे आहेत. यंत्र मी दुरुस्त केलंय."

"कुठला सिनेमा?"

"आता माझ्याकडून कशाला वदवून घेतेस?"

बाई पुठ्ठा कापत होत्या. रेघ वाकडी गेली. आयुष्यात पहिल्यांदा गेली.

"माणसं येतील?"

"येतील. लोकांना तू मेलेली फार आवडायचीस," तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

"लाव," बाई म्हणाल्या.

सभेच्या दुपारी रस्त्यावर माणसं दिसू लागली. केस पांढरे झालेली, गुडघे धरून चालणारी. "तो स्टोव्हवाला पण दाखवणार का हो?" "मी तर तो बघून वर्षभर कच्चं खाल्लं!" असं चाललेलं. खिडक्यांना काळे पडदे लागले. सून भिंगरीला मांडीवर घेऊन तिसऱ्या रांगेत बसली. बाई उंबऱ्यावर, एक पाय आत, एक बाहेर.

कारकून नवा होता, तरणा, नियमाचा पक्का. बोटानं डोकी मोजत तो दारापर्यंत आला.

"एकोणसाठ. बाई, आत या किंवा बाहेर जा. उंबरा कायद्यात बसत नाही."

"ही लहान मुलगी धरा की," कुणीतरी म्हणालं.

"मुलं धरत नाहीत."

"मग किल्लीवाला?"

"नोकर धरत नाहीत."

"मग तू कशाला आलास रे मोजायला?" मागून एक म्हातारा म्हणाला, आणि सभागृह हसलं. सभापतीबाईंनी घड्याळाकडं पाहिलं. "चार वाजता दार लागेल. तीन मिनिटं आहेत."

बाई रस्त्याकडं बघत राहिल्या. कुणीतरी येईल. एक सायकलवाला आला आणि तसाच पुढं गेला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. किल्लीवाला हळूच म्हणाला, "कडी नाही लावत. नुसतं लोटतो."

"लावा," कारकून म्हणाला. "दार लागलं तरच मोजणी."

तेवढ्यात आतून पातळ आवाज आला. "आजी! ये ना! मी तुझी जागा धरलीय!"

बाईंनी बाहेरचा पाय उचलला. पाय कसला, शिसं होतं ते. तो त्यांनी आत ठेवला. मागं दार सरकलं. उजेडाची पट्टी अर्धी झाली, कोरीएवढी झाली आणि मिटली. कडी पडली.

"साठ," कारकून म्हणाला.

भिंत चाचपत त्या तिसऱ्या रांगेपर्यंत कशा पोचल्या, ते त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही. श्वास वरच्या वर चालला होता. भिंगरीनं त्यांचं बोट धरलं. यंत्र खरखरलं, पडदा उजळला, आणि तो भारदस्त आवाज आला. सगळं सभागृह त्याच्याबरोबर म्हणालं, "सावध राहा!" आणि खदखदून हसलं.

मग ती मुलगी आली. दोन वेण्या, ठिपक्यांचा फ्रॉक. "आली गं आली!" बायका ओरडल्या. चेंडू उडाला. मुलगी धावली. वाकली. गेली. पाण्यावर नुसता चेंडू राहिला. हसू विरलं. मग तो हात आला. बाहीच्या टोकाला आईनं लावलेलं ठिगळ. बाईंनी ते ओळखलं. हातानं झाकण सरकवलं, आणि बाई मनात मोजू लागल्या, जसं तेव्हा मोजलं होतं. एक. दोन. तीन. चार.

चारला पडदा पांढरा झाला. संपलं.

दिवे लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांच्या मध्येच भिंगरीनं खणखणीत विचारलं, "आजी, तिला बाहेर कुणी काढलं?"

पन्नास वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. टाळ्या थांबल्या. सगळे वळून बघू लागले. बाई समोरची खुर्ची धरून उठल्या.

"मी आतच होते," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "दोरीवाल्याला वाटलं, बाबांनी काढली. बाबांना वाटलं, दोरीवाल्यानं. मला दहापर्यंतच आकडे येत होते. दहा मोजले. पुढं काय करायचं ते माहीत नव्हतं. वरून कुणी हाकही मारली नाही."

मागं किल्लीवाल्याच्या हातातला जुडगा वाजायचा थांबला.

सभापतीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "शाळेच्या टाकीला झाकण. कोण कोण बाजूनं?"

साठ हात वर गेले. भिंगरीनं दोन्ही वर केले, पण ते धरले नाहीत.

"एक वाक्य आणखी लिहा," बाई कारकुनाला म्हणाल्या. "झाकण लावण्याआधी आत हाक मारावी."

"असं ठरावात कसं लिहू, बाई?"

"बोलले तसंच लिहा."

कारकुनानं मान खाली घातली आणि लिहिलं.

पंधरा दिवसांनी सकाळी झाकण आलं. नवं, जाड, दोघांनी उचलावं एवढं. बाई शाळेच्या कुंपणाबाहेर उभ्या होत्या. आत जायचं धाडस झालं नाही, घरी जायचंही नाही. भिंगरी वर्गात होती, तिचा पाढे म्हणणारा आवाज खिडकीतून येत होता. तो येतोय ना, हे बाई पुन्हा पुन्हा कान देऊन बघत होत्या.

गवंड्यानं ठरावाचा कागद वाचला, डोकं खाजवलं, आणि गुडघे टेकून टाकीत तोंड घातलं.

"आहे का कुणी आत?"

खालून त्याचाच आवाज परत आला. लांबून आल्यासारखा, जरा बारीक होऊन. बाईंनी कुंपणाचा गज घट्ट धरला. एक, दोन, तीन... त्या मोजत राहिल्या. दहा झाले. आतून काही आलं नाही. अकरा. बारा.

"बाई, लावू?" गवंड्यानं विचारलं.

"थांब," बाई म्हणाल्या. "अजून एकदा हाक मार."