सातव्या पुडीची माती

मुंबईच्या प्रयोगशाळेतला तो माणूस एसटीतून उतरून आमच्या चौलच्या वाडीत आला, की आधी चिमूटभर माती हुंगायचा आणि मग नमस्कार करायचा. आमचा गडी विचारायचा, "सायब, कशी हाय आज? मीठ-मिरची लावू?" तो हळू आवाजात म्हणायचा, "हसू नको रे. हिच्यातल्या एखाद्या बुरशीत कॅन्सरचं औषध असेल."

एकदा त्याने मातीच्या बारा पुड्या भरायचं काम माझ्यावर सोपवलं. "तुमचं काम चोख असतं, अण्णा." मी बारा झाडांखालची माती भरली, पण पुड्यांवर आणि वहीत नंबर घातले ते घरी येऊन, नुसत्या आठवणीवरून.

चार महिन्यांनी तो जवळजवळ धावतच आला. सातव्या पुडीतल्या बुरशीने उंदरांच्या गाठी लहान झाल्या होत्या, पण प्रयोगशाळेच्या नळीत वाढवलेली ती बुरशी मेली होती; आता त्याच झाडाखालची माती पुन्हा हवी होती. माझ्या वहीत सातवं झाड रामफळाचं होतं. दोन दिवस तो त्याच्याखाली गुडघे टेकून पुड्या भरत राहिला आणि मी त्याला चहा नेऊन देत राहिलो. तिसऱ्या सकाळी खरं सांगितलं.

तो हातातल्या मातीकडे बघत म्हणाला, "बरं झालं सांगितलंत." दुपारच्या एसटीआधी बाकीच्या अकरा झाडांखालून जेमतेम एकेक पुडी झाली. पुढे पत्र आलं, ती बुरशी पुन्हा मिळाली नाही.

तो अजून येतो, मला अण्णाच म्हणतो. माती मी भरतो. नंबर मात्र तो स्वतः घालतो, तिथेच, झाडाखाली उभा राहून.