बागवान बाईंच्या काचेखाली

पॅथॉलॉजीच्या माणसांकडं कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. पेशंट आमच्याशी बोलत नाही, आम्ही पेशंटचं तोंड बघत नाही. बरणीतून एक तुकडा येतो, आम्ही कागदावर दोन ओळी लिहून देतो, संपलं! पण आमच्या डिपार्टमेंटची जुनी मंडळी कुणाच्या लग्नात भेटली, की पंगत उठते, वाढपी ताटं गोळा करून जातात, मांडववाले खुर्च्या उचलायला येतात, तरी आम्ही आपले बसलेलेच! विषय एकच. बागवान बाई. बरणीतल्या फॉर्मालिनचा वास हात कितीही धुतले तरी जात नाही, तसं त्यांच्या गोष्टींचं झालंय. एक काढली की मागची दहा येतात.

डॉ. आयेशा बागवान साठच्या दशकात आमच्या हॉस्पिटलात आल्या आणि रिटायर होईपर्यंत कोल्हापूर सोडून कुठं गेल्या नाहीत. बायकांच्या गर्भाशयाचे आणि मूत्राशयाचे कॅन्सर, हा त्यांचा रिसर्चचा विषय. कॅन्सर हा शब्दच घरात दबक्या आवाजात बोलायचा तो काळ. त्यात कॅन्सर तिथला! म्हणजे बोलायचंच नाही. मी एमबीबीएस होऊन त्यांच्या हाताखाली ज्युनिअर म्हणून लागले तेव्हा माझ्या आईनं शेजारणींना सांगितलं होतं, "सुमन रक्त तपासते." एवढंच!

*

एकदा वरून एक बडे अधिकारी तपासणीला आले. बाई नेमक्या टेबलावर ऑपरेशनमधून आलेली गर्भाशयाची पिशवी कापून बघत होत्या. अधिकाऱ्यांनी नाकाला रुमाल लावला. लांबूनच म्हणाले, "मॅडम, तुम्ही बायकामाणूस. लहान मुलांचं वगैरे सोडून या कापाकापीत कशा आलात?"

बाईंनी सुरी थांबवली नाही. "वडलांचाच धंदा, साहेब."

"अच्छा! वडीलही डॉक्टर होते?"

"नाही. मंडईत फळांचा गाडा होता. अब्बा कलिंगड नुसतं वाजवून सांगायचे, आत काय आहे ते. मला तेवढी विद्या आली नाही. कापून बघावं लागतं!"

*

आमच्याकडं एक सर्जन होते. हात सोन्याचा, पण जीभ तापलेल्या तव्यासारखी. हॉस्पिटलात सगळे त्यांना नुसतं 'साहेब' म्हणायचे आणि ते दिसले की कॉरिडॉर रिकामा व्हायचा.

एक दिवस ते स्वतःच आमच्या खोलीत आले. पंचविशीची एक बाई, अंगावरून सारखं जात होतं आणि पिशवीच्या तोंडाशी फुलकोबीसारखी गाठ. सकाळी त्या गाठीचा तुकडा आमच्याकडं पाठवलेला. तुकडा मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप काढायचे, रंगवायचे, मग मायक्रोस्कोपच्या काचेखाली घालायचे. दोन-तीन दिवसांचं काम. साहेबांना तेवढा दम कुठला!

"बाई, डोळ्यांनी दिसतंय ते कॅन्सर आहे. उद्या सकाळी पिशवी काढायला घेतोय. तुम्ही फक्त हो की नाही ते सांगा."

"नाही," बाई म्हणाल्या.

"नाही म्हणजे? कॅन्सर नाही?"

"नाही म्हणजे, आज सांगणार नाही!"

आमचा टेक्निशियन दत्तोबा हातातली बरणी घेऊन जो मोरीकडं गेला, तो साहेब जाईपर्यंत परत आला नाही. साहेब लालबुंद झाले, दार आपटून गेले. वरिष्ठांकडं तक्रार झाली. बाईंना बोलावणं आलं, त्या जाऊन आल्या, पुन्हा कामाला लागल्या. ऑपरेशन मात्र थांबलं.

स्लाइड तयार झाली. बाईंनी बघितली, मला दाखवली. कॅन्सर नव्हताच. टीबी होता! पिशवीच्या तोंडाचा टीबी हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्या पोरीला सुरीऐवजी इंजेक्शनं आणि गोळ्या मिळाल्या, ती चांगली खणखणीत बरी झाली.

साहेबांनी माफी वगैरे मागितली नाही. ते त्यांच्या रक्तातच नव्हतं. पण त्यानंतर त्यांच्या हाताखालचा कुणी पोरगा "सर, हा तर उघड कॅन्सर आहे" असं म्हणाला, की साहेब ओरडायचे, "तू काय बागवान बाई आहेस?"

*

बाईंच्या अम्मी राजारामपुरीत त्यांच्याजवळच राहायच्या. पोरगी डॉक्टर म्हटल्यावर गल्लीतली माणसं तापाची, पोटदुखीची पोरं घेऊन दारात यायची. बाईंच्या घरात तर स्टेथोस्कोपसुद्धा नव्हता! अम्मी कंटाळून गेल्या. शेवटी दारात आलेल्या माणसाला त्या स्वच्छ सांगायच्या, "बाबा, माझी लेक डॉक्टर आहे खरी. पण तिच्याकडं आजवर एक माणूस बरा झालेला मी तरी बघितला नाही!"

*

सत्तरच्या दशकात बाईंनी डोक्यात घेतलं, की गाठ होईपर्यंत वाट बघायचीच कशाला? पिशवीच्या तोंडावरचा स्राव लाकडी पट्टीनं घ्यायचा, काचेवर पसरायचा, आणि रोग सुरू होण्याआधीच पकडायचा. त्यासाठी गडमुडशिंगीला कॅम्प लावला. शाळेच्या वर्गात पडदे बांधले, टेबल टाकलं, मी आणि एक नर्स हातमोजे घालून तयार. आणि बायका? एकही नाही!

सगळ्या समोरच्या पिंपळाच्या पारावर बसून आमच्याकडं बघत होत्या. मध्ये पुढारीण, तानूआक्का. बाई उठून पारावर जाऊन बसल्या.

"काय आक्का, येताय न्हवं?"

"आमास्नी काय झालंय? दुखत न्हाय, खुपत न्हाय. उगंच कशाला लाज काढून घ्यायची?"

"म्हस गाभण हाय का बघायला जनावरांचा डॉक्टर येतो. तवा म्हस लाजती व्हय?"

पारावर हशा पिकला. पण आक्का काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "म्हस न्हाय लाजत, खरं हाय! पण बाई, म्हशीला घरी गेल्यावर दाल्ला इचारत न्हाय की, कुठं गेलतीस म्हणून!"

बाई मला म्हणाल्या, "सुमन, आपण चुकीच्या माणसांना समजावतोय." आणि तडक चावडीकडं निघाल्या. तिथं गावातले सगळे पुरुष बसलेले. बाईंनी त्यांना पिशवी म्हणजे काय, तिचं तोंड कुठं असतं, रोग कसा होतो, उशीर झाला की बाई कशी मरते, सगळं शाळेतून मागवलेल्या फळ्यावर चित्र काढून सांगितलं. पुरुषांच्या माना जमिनीत गेलेल्या. कुणी धोतराची गाठ बघतोय, कुणी पायातली वहाण. शेवटी पाटलांनी घसा खाकरला. "बाई, पुरं करा आता. उद्या सगळ्या येतील. पण ते चित्र आधी पुसा!"

दुसऱ्या दिवशी रांग लागली. सगळ्यात पुढं तानूआक्का, आणि त्यांच्यामागं त्यांचे म्हातारे यजमान काठी टेकत उभे! मी म्हटलं, "आजोबा, हे फक्त बायकांचं आहे."

"व्हय की! ठावं हाय मला," आजोबा म्हणाले. "ही मागच्या दारानं पळून जाईल, म्हणून उभा ऱ्हायलोय!"

*

एकदा हातकणंगल्याकडचा एक रंगारी लघवीतून रक्त जातं म्हणून आला. सुताला रंग द्यायचं काम. बाटली द्यायला आमच्या दारात आला तेव्हा बघितलं, नखं कायमची निळी. मूत्राशयाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. तो गेला. रिपोर्ट लिहून झाला, आमचं काम संपलं होतं. पण बाईंच्या मनातून ती निळी नखं जाईनात. काही काही रंगांनी मूत्राशयाला कॅन्सर होतो हे त्यांनी वाचलेलं होतं.

मला घेऊन त्या एसटीनं त्या रंगखान्यात गेल्या. कामगारांशी बोलल्या. मालक धावत आला. त्याला वाटलं, सरकारी बाई आली, आता काहीतरी लफडं काढणार. त्यानं आम्हाला बसवलं, चहा मागवला आणि आतून एक भारी साडी आणून बाईंच्या पुढ्यात ठेवली. "आमच्याकडनं एवढी आठवण. बाईसाहेब, काय पाहिजे ते सांगा, नाही म्हणणार नाही."

"खरंच?"

"शब्द आहे माझा!"

"मग साडी राहू दे. मला तुमच्या सगळ्या कामगारांची लघवी पाहिजे!"

मालकाच्या हातातली कपबशी तशीच राहिली. पण शब्द दिलेला! एसटीतून येताना आमच्या पायाशी बाटल्यांची पेटी होती आणि कंडक्टर विचारत होता, "काय वो बाई, काकवी हाय काय?" बाई म्हणाल्या, "हाय, पण चाखू नका!"

त्या बाटल्यांतल्या एकीत बाईंना वाईट पेशी सापडल्या. त्या माणसाला ना दुखणं, ना रक्त. तो यायलाच तयार नव्हता. बाईंनी त्याच्या बायकोला गाठलं, तिनं त्याला आणला. दुर्बीण घालून बघितलं, तर मूत्राशयात एक बारीकशी गाठ. ती काढली. पुढं कितीतरी वर्षं तो तपासणीला येत राहिला, आणि येताना प्रत्येक वेळी बाटली घरूनच भरून आणायचा. "बाईंना हेच आवडतं," म्हणायचा!

*

हा किस्सा हसण्यासारखा नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रिसर्चसाठी बाई जुन्या स्लाइड पुन्हा काढून बघत होत्या. बघता बघता एका स्लाइडवर थांबल्या. काही महिन्यांपूर्वी त्यांनीच 'कॅन्सर नाही' म्हणून सही केलेली. आणि कोपऱ्यात, अगदी कडेला, एक इवलासा ठिपका. कॅन्सरचा.

त्यांनी मला बोलावलं. "बघ. मी चुकले."

आमचे सर्जन साहेब तिथंच होते. ते समजुतीनं म्हणाले, "बाई, एवढ्याशा ठिपक्यापायी कशाला जीव टांगणीला लावताय? त्रास झाला तर ती पेशंट येईलच. आणि नाही आली, तर कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की!" बाई म्हणाल्या आणि छत्री उचलली.

कागलच्या पलीकडं त्या पेशंटचं गाव. आम्ही घरी पोहोचलो तर सासू अंगावरच आली. "चांगल्या हिंडत्याफिरत्या माझ्या सुनंला आजारी पाडाय आलायसा व्हय? तुमीच लिवून दिलं न्हवं, काय न्हाय म्हणून?"

मला वाटलं, बाई आता शास्त्र सांगतील. त्या उंबऱ्याबाहेर ओट्यावर खाली बसल्या. म्हणाल्या, "लिहिलं ते मीच. चूक माझी हाय आई, तुमच्या सुनंची न्हाय. मला तुमी काय बी बोला. पण तिला माझ्यासंगट पाठवा."

सासूनं खूप बोलून घेतलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हातारी आत गेली, आणि सुनेचं लुगडं-चोळी पिशवीत भरून बाहेर घेऊन आली.

ऑपरेशन साहेबांनी केलं. सून वाचली.

*

आणि हा शेवटचा. हा सांगून झाला की आम्ही उठतो.

एक दिवस आमच्या दारात एक धिप्पाड बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात गुळाची ढेप. दोन वर्षांपूर्वी तिची पिशवी काढली होती, वर किरणांचा इलाज झाला होता. आता ठणठणीत! गूळ टेबलावर ठेवून म्हणाली, "माझा रोग कुणी वळखला म्हणं हितं?"

दत्तोबानं बाईंकडं बोट दाखवलं.

"तुमी व्हय? मग मला बी दावा की त्यो. म्या त्याला अजून बघितला न्हाय."

आजवर कुठल्याच पेशंटनं आमच्याकडं असलं काही मागितलं नव्हतं. बाईंनी दत्तोबाला स्लाइड काढायला सांगितली. मायक्रोस्कोप लावला, तिला स्टुलावर बसवलं, एक डोळा कसा मिटायचा ते शिकवलं.

ती बराच वेळ बघत राहिली. आत गुलाबी आणि जांभळ्या रंगाची नक्षी.

"अगं बया! ह्यो एवढा देखणा?"

"हो," बाई म्हणाल्या.

"जित्ता हाय व्हय अजून?"

"नाही. मेलाय."

तिनं पदर खोचला. पुन्हा मायक्रोस्कोपवर वाकली. आणि तिथंच, काचेत डोळा घालून, तिनं जी सुरुवात केली! "मुडद्या! भाड्या! माज्या लेकरास्नी पोरकं कराय निघालतास व्हय रं? तुजं तळपट झालं! माती पडली तुज्या तोंडात!" कडाकडा बोटं मोडली. खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात गोळा झाली. सगळं बोलून झाल्यावर तिनं डोळे पुसले, बाईंच्या पायाला हात लावला, "गूळ खावा बरं का, घरचा हाय," म्हणाली आणि निघून गेली.

बाईंनी ती स्लाइड काढून दत्तोबाकडं दिली. ट्रेमधली पुढची घेतली. नवीन पेशंट, नवीन तुकडा. काचेखाली घालून बघायला लागल्या. बघतायत, बघतायत. मी समोर पेन घेऊन रिपोर्ट लिहून घ्यायला बसलेली.

आमच्या बागवान बाई. उभ्या नोकरीत ज्यांच्या तोंडून कुणी साधा 'गाढव' शब्द ऐकला नव्हता, त्या बाई. मायक्रोस्कोपवरून मान वर न करता, अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"मुडद्या!"